स्टेक तव्यावर पडण्याआधीच ठरतो

घरी केलेला माझा पहिला स्टेक राखाडी रंगाचा होता. बाहेरून राखाडी, आतून राखाडी, आणि ताटात त्याच्याभोवती साचलेले पाणीही राखाडीच. मांस चांगले होते, तवा तापला आहे अशी माझी समजूत होती, आणि घड्याळ लावून प्रत्येक बाजू बरोबर चार मिनिटे भाजली होती. तरीही समोर आलेला पदार्थ भाजलेला कमी आणि उकडलेला जास्त होता. पुढच्या कित्येक प्रयत्नांत मी दोष आचेला दिला, तव्याला दिला, तेलाला दिला, एकदा तर मांस विकणाऱ्यालाही दिला. खरी चूक उमगायला बराच काळ जावा लागला. मी स्टेककडे लक्ष देऊ लागत असे तो तव्यावर पडल्यानंतर, आणि तोपर्यंत त्याचे बरेवाईट जवळजवळ ठरून गेलेले असे.

मसाल्यांची यादी नाही, वाटणघाटण नाही, तरीही हा पदार्थ हुलकावणी देतो, कारण मांसाच्या एकाच तुकड्यात आपल्याला दोन वेगळे पदार्थ शिजवायचे असतात. बाहेरचा थर खमंग, गडद तपकिरी आणि कुरकुरीत हवा, त्यासाठी पृष्ठभागाचे तापमान 150 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जायला हवे. आतला भाग मात्र 55 अंशांच्या आगेमागेच थांबायला हवा, कारण त्यापुढे मांसातील तंतू आकसत जातात आणि ओला कपडा पिळावा तसे स्वतःतले पाणी बाहेर टाकू लागतात. म्हणजे पृष्ठभाग आणि मध्यभाग यांच्यात जेमतेम दोन सेंटिमीटरांचे अंतर, आणि तापमानात मात्र शंभर अंशांची तफावत. ही तफावत जितकी जपता येईल तितका स्टेक चांगला होतो. कापल्यावर खमंग थराच्या खाली जो कोरडा, राखाडी पट्टा दिसतो, तो ही तफावत किती ढासळली याचे मापच असतो.

बाहेरच्या तपकिरी थराला आणि त्याच्या वासाला कारणीभूत असणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचे वर्णन लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली केले, आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. प्रथिनांमधील अमिनो आम्ले आणि काही शर्करा उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून चवीची आणि वासाची असंख्य नवी द्रव्ये तयार होतात. पावाचा खरपूस पापुद्रा आणि भाजलेल्या कॉफीचा सुगंध हेही बव्हंशी याच प्रक्रियेचे देणे. ती मंद गतीने कमी तापमानालाही चालते, पण तव्यावरच्या एक-दोन मिनिटांत काही घडायचे असेल तर 140 अंशांच्या वर जावेच लागते. इथेच पाणी आडवे येते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान 100 अंशांच्या पुढे सरकत नाही. शून्य अंशाचे पाणी उकळीला आणण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यासाठी खर्ची पडते. माझ्या पहिल्या तव्याची सगळी धग त्या पाण्याची वाफ करण्यातच गेली होती, आणि तोवर उष्णता आत झिरपून मध्यभाग शिजून गेला होता. वेष्टनातून काढलेला ओलाकच्च तुकडा मी तसाच तव्यावर टाकला होता.

तेव्हा पहिले काम कोरडे करण्याचे. पण त्याआधी तुकड्याच्या जाडीबद्दल सांगायला हवे, कारण पातळ तुकड्यावर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यात बाहेरचा थर खमंग होईपर्यंत आतला भाग हाताबाहेर गेलेला असतो. त्यात कौशल्याचा प्रश्न नाही, तिथे मुळात जागाच नसते. मी साडेतीन ते चार सेंटिमीटर जाडीचा तुकडा घेतो. माणशी एक पातळ तुकडा घेण्यापेक्षा दोघांत मिळून एक जाड तुकडा करावा आणि कापून वाटून घ्यावा, हे माझे ठाम मत आहे.

कोणता भाग घ्यावा याबद्दल फार लिहीत नाही. बीफमध्ये जनावराच्या पाठीच्या बाजूचे स्नायू कमी कष्ट करतात, म्हणून ते मऊ असतात. रिबआय, स्ट्रिपलॉइन आणि टेंडरलॉइन हे तिन्ही भाग तिथलेच. टेंडरलॉइन सर्वांत मऊ आणि बहुधा सर्वांत महाग, पण त्यात चरबी कमी आणि म्हणून चवही सौम्य असते. मला रिबआय आवडतो, कारण त्याच्या मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा जाळीसारख्या पसरलेल्या असतात आणि चुकून दोन-चार अंश जास्त शिजला तरी तो सांभाळून घेतो. पायाकडचे, सतत राबणारे स्नायू मात्र स्टेकसाठी घेऊ नयेत. त्यांतील चिवट कोलॅजन विरघळून मऊ होण्यासाठी कित्येक तास मंद शिजवावे लागते, आणि तो रश्श्याचा मार्ग आहे, तव्याचा नव्हे.

आता मीठ. या एका गोष्टीने माझ्या स्टेकमध्ये जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशानेही पडला नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एकदा मी मुद्दाम मीठ लावलेल्या तुकड्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. पहिली दोन-तीन मिनिटे मिठाचे कण जसेच्या तसे दिसत होते. मग एकेका कणाभोवती घाम फुटावा तसे पाण्याचे बारीक थेंब जमू लागले. पंधरा मिनिटांनी पृष्ठभागावर चक्क पाण्याचा पातळ थर चमकत होता, मिठाचे कण त्यात विरघळून दिसेनासे झाले होते, आणि तुकडा मीठ लावण्याआधी होता त्यापेक्षा कितीतरी ओला झाला होता. चाळीस मिनिटांच्या सुमारास तेच खारे पाणी हळूहळू पुन्हा आत मुरू लागले, आणि तासाभराने पृष्ठभाग जवळजवळ कोरडा होऊन त्याचा रंग गडद झाला होता. मीठ आत शिरताना मांसातील काही प्रथिनांची घट्ट वीण सैल करते, त्यामुळे शिजताना ती कमी आवळली जाते आणि पाणी जास्त धरून ठेवते.

यावरून निघणारा नियम सोपा आहे. मीठ एकतर तव्यावर टाकण्याच्या अगदी क्षणभर आधी लावावे, नाहीतर निदान पाऊण तास आधी लावावे. मधली दहा-पंधरा मिनिटांची वेळ सर्वांत वाईट, आणि नेमकी तीच वेळ बहुतेक जण साधतात, कारण मीठ लावून मग आपण तवा तापवायला घेतो. मी स्वतः आदल्या रात्रीच मीठ लावतो. मांसाच्या वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या तुकड्याला साडेतीन ग्रॅम मीठ मला पुरते. मीठ लावलेला तुकडा उंच जाळीवर ठेवून, काहीही न झाकता, फ्रिजमध्ये ठेवून द्यावा. खाली थाळी ठेवायला विसरू नये, आणि तयार अन्नाच्या वरच्या कप्प्यात तर तो कधीही ठेवू नये. फ्रिजमधील कोरडी हवा रात्रभरात त्याची वरची बाजू वाळवून टाकते. सकाळी बोट फिरवले तर ते ओले होत नाही, किंचित चामड्यासारखा स्पर्श लागतो आणि रंग गडद लाल दिसतो. पहिल्यांदा पाहिल्यावर मांस खराब झाले की काय अशी शंका मला आली होती, पण तव्याला हवे असते ते नेमके हेच. रात्रभर थांबायला वेळ नसेल तर निदान स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांनी तुकडा सगळीकडून, कडांसकट, दाबून दाबून टिपून घ्यावा, आणि कागद ओला होणे थांबेपर्यंत टिपत राहावे.

स्टेक शिजवण्याच्या तासभर आधी बाहेर काढून ठेवावा, म्हणजे तो खोलीच्या तापमानाला येतो, असा एक सल्ला सगळीकडे दिला जातो. मीही तो वर्षानुवर्षे पाळला. एके दिवशी तापमापकाची सुई आत खुपसून ठेवली, तेव्हा कळले की तासाभरात मध्यभागाचे तापमान मोजकेच अंश वर चढते. जाड मांस इतक्या सहज गरम होत नाही. तुकडा थेट फ्रिजमधून काढून वापरला तरी काही बिघडत नाही. बिघडते ते ओल्या पृष्ठभागाने.

तापमापकाचा विषय निघालाच आहे, तर माझे म्हणणे सरळ आहे: दुसरा महागडा तवा घेण्याआधी झटपट तापमान दाखवणारा, सुईचा तापमापक घ्यावा. मिनिटे मोजण्याला अर्थ नाही, कारण तुकड्याची जाडी, तव्याची धग, चरबीचे प्रमाण आणि सुरुवातीचे तापमान यांपैकी एक जरी बदलले तरी मिनिटे बदलतात. तळहातावरचा अंगठ्याखालचा उंचवटा दाबून स्टेकच्या मऊपणाशी ताडून पाहण्याची युक्तीही मी करून पाहिली आहे. माझा हात आणि दुसऱ्याचा हात सारखा नाही, आणि टेंडरलॉइन आणि स्ट्रिपलॉइनही सारखे लागत नाहीत, तेव्हा त्या युक्तीवर माझा आता विश्वास उरलेला नाही. सुई वरून न खुपसता बाजूने, बरोबर मध्यापर्यंत घालावी. वरून घातली तर टोक नेमके कोणत्या थरात आहे हे कळत नाही. तापमापकावर शंका आली तर बर्फ घातलेल्या पाण्यात सुई बुडवून पाहावी, तिथे शून्य दिसले पाहिजे.

आकडे असे लक्षात ठेवावेत. 50 अंशांच्या आसपास मध्यभाग गडद लाल आणि मऊ, जवळजवळ कच्चा असतो, त्याला रेअर म्हणतात. 54 ते 57 म्हणजे मीडियम रेअर, ज्यात मांस गुलाबी, घट्टसर आणि रसाळ होते, आणि चरबीही मऊ पडू लागते. 60 ते 63 म्हणजे मीडियम. 70 च्या पुढे गुलाबी रंग संपतो आणि रसही. रिबआयसारख्या चरबीदार तुकड्याला मी 56-57 पर्यंत नेतो, कारण त्याखाली चरबी पुरेशी वितळत नाही आणि मेणासारखी दाताखाली येते.

यात सुरक्षिततेचा भागही आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. अखंड मांसाच्या तुकड्यात जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि तापलेल्या तव्यावर ते मरतात, म्हणूनच आतून गुलाबी स्टेक खाण्याची प्रथा टिकून आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस मात्र अधिक सावध आहे: अखंड तुकडा 63 अंशांपर्यंत शिजवून तीन मिनिटे ठेवावा, आणि खिमा 71 अंशांपर्यंत न्यावा. खिम्यात पृष्ठभाग आतबाहेर मिसळलेला असतो, म्हणून हा फरक. मऊ करण्यासाठी सुया किंवा पाती टोचलेले मांसही याच कारणाने अखंड समजू नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे जेवायला असतील तर मी ही शिफारस पाळतो आणि गुलाबी रंगाचा हट्ट सोडतो.

प्रत्यक्ष शिजवताना मी बहुतेकांच्या उलट क्रमाने जातो: आधी ओव्हन, मग तवा. ओव्हन 110 ते 120 अंशांवर ठेवून, जाळीवरचा तुकडा तसाच आत सरकवायचा आणि मध्यभाग 49-50 अंशांना आला की बाहेर काढायचा. चार सेंटिमीटरच्या तुकड्याला त्यासाठी अर्ध्या ते पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, पण निर्णय तापमापकाचाच. या मंद आचेचे दोन फायदे होतात. उष्णता सावकाश शिरत असल्यामुळे कडेपासून मध्यापर्यंत तापमान जवळपास सारखे राहते आणि तो राखाडी पट्टा अगदी बारीक होतो. माझ्या वहीत सुरुवातीच्या एका स्टेकपुढे ‘पट्टा जवळजवळ एक सेंटिमीटर’ असे लिहिले आहे, आणि ओव्हनच्या पहिल्या प्रयोगापुढे ‘पट्टा दोन मिलिमीटर’. दुसरा फायदा असा की ओव्हनची कोरडी हवा पृष्ठभाग आणखी वाळवते, त्यामुळे तव्यावर गेल्यावर रंग येण्यासाठी वाट पाहावी लागत नाही. बाहेर काढलेला तुकडा मात्र अजिबात मोहक दिसत नाही. फिकट, मातकट, आजारी दिसणारा तो तुकडा पाहून घरातले कोणी ना कोणी काळजीने विचारतेच.

तवा बिडाचा असावा, जड असावा. बीड उष्णता फार चांगली वाहून नेत नाही, अॅल्युमिनियम त्यापेक्षा कितीतरी सरस. पण बिडाचा जाड तवा उष्णता साठवून ठेवतो आणि गार मांस पडल्यावर एकदम थंडावत नाही. तो सगळीकडे सारखा तापायला वेळ लागतो, म्हणून मध्यम आचेवर निदान आठ-दहा मिनिटे द्यावीत. नॉनस्टिक तवा या कामाला वापरू नये, कारण 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप विघटित होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तापणारा तवा तिथवर सहज पोचतो. तवा किती तापला हे पाहण्यासाठी मी पाण्याचा थेंब टाकतो. कमी तापलेल्या तव्यावर तो चर्र करून तिथेच आटतो. पुरेशा तापलेल्या तव्यावर त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते आणि तो पाऱ्याच्या गोळीसारखा इकडून तिकडे घरंगळत राहतो. या गमतीचे सविस्तर वर्णन लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 साली करून ठेवले आहे. थेंब नाचू लागला की तो आटू द्यावा, मग एक चमचा रिफाइंड तेल घालावे, आणि तेलातून धुराची पहिली रेघ उठली की स्टेक ठेवावा. खिडकी आधीच उघडलेली असावी. धूर होतोच.

यानंतरचा भाग दोन-तीन मिनिटांत संपतो. प्रत्येक बाजू पाऊण ते एक मिनिट, आणि चरबीची कड असेल तर चिमट्याने तुकडा उभा धरून तीही अर्धा मिनिट भाजून घ्यावी. ओव्हन नसेल आणि सगळे काम तव्यावरच करायचे असेल, तर आच जराशी कमी ठेवून तुकडा दर अर्ध्या मिनिटाने उलटत राहावे. स्टेक एकदाच उलटावा हा नियम कुठून आला कोण जाणे, पण वारंवार उलटल्याने कोणतीही एक बाजू फार काळ धगीवर राहत नाही, तुकडा दोन्हीकडून समान आणि एकंदरीत लवकर शिजतो.

तव्यावर आधी जोरात भाजल्याने मांसाची छिद्रे बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण इथे चुकला. त्याचा पडताळा घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, फक्त कान देऊन ऐकावे. तव्यावर स्टेक पडल्यापासून जो अखंड चर्र आवाज येत राहतो, तो मांसातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आवाज आहे. रस खरोखर कोंडला गेला असता तर तवा शांत झाला असता. भाजायचे ते चवीसाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

लोणी घालायचे असेल तर अगदी शेवटी, आच कमी करून. लोण्यात सहावा हिस्सा तरी पाणी असते आणि दुधाचे घन कण लवकर करपतात, म्हणून सुरुवातीपासून लोणी वापरले तर हाती कडवट काळेपणा येतो. शेवटच्या मिनिटात लोण्याचा मोठा गोळा, सालीसकट ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि थाइमची काडी घालून, तवा कलता करून फेसाळलेले लोणी चमच्याने स्टेकवर पुन्हा पुन्हा ओतावे. मिरपूड मी तवा उतरल्यावरच घालतो, आधी घातलेली करपते.

तव्यावरून उतरलेला स्टेक ताटात ठेवू नये, पुन्हा जाळीवर ठेवावा. ताटात ठेवला तर खालचा खमंग थर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो, आणि वरून घट्ट झाकला तर वरचाही. नुसत्या तव्यावर केलेल्या स्टेकला पाच ते आठ मिनिटे विसावा द्यावा. तेवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत सरकून मध्यभाग आणखी तीन ते पाच अंश चढतो, म्हणून हव्या त्या आकड्याच्या तितके आधी उतरवायचे. शिवाय आतला रस थोडा निवून दाटसर होतो आणि कापताना कमी वाहतो. ओव्हनमधून आलेल्या स्टेकला एवढे थांबण्याची गरज नसते, दोन मिनिटे पुरतात. त्या दोन मिनिटांत तव्यातली जास्तीची चरबी ओतून टाकावी, अर्धी वाटी पाणी किंवा स्टॉक घालावा आणि तळाला चिकटलेले तपकिरी कण उलथण्याने खरवडून घ्यावेत. आटून चमच्याला चिकटू लागले की त्याचा झकास सॉस होतो. कण काळे झाले असतील तर मात्र तो नाद सोडावा.

कापताना मांसाचे तंतू कोणत्या दिशेला धावतात हे पाहून सुरी त्यांना आडवी चालवावी, म्हणजे घासात आखूड तंतू येतात आणि चावायला सोपे जाते. टेंडरलॉइनमध्ये याने फारसे बिघडत नाही, पण पोटाकडच्या फ्लँकसारख्या लांब तंतूंच्या भागात याच एका गोष्टीवर मऊ आणि चिवट यांच्यातला फरक अवलंबून असतो.

कापल्यावर ताटात जे लाल पाणी उतरते त्याला पाहुणे हमखास रक्त म्हणतात. ते रक्त नव्हे. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन नावाचे लाल प्रथिन पाण्यात मिसळून बाहेर येते, एवढेच. हे मी पूर्वी जेवताना समजावून सांगत असे, आता सांगत नाही, कारण ज्याला तो रंग नको असतो त्याला स्पष्टीकरणही नकोच असते. ज्याला पूर्ण शिजलेला हवा त्याच्यासाठी मी चरबीदार रिबआयचा तुकडा निवडतो आणि तो इतरांच्या वीस मिनिटे आधी ओव्हनमध्ये सरकवतो. त्याचा मध्यभाग 65 ला आणि बाकीच्यांचा 50 ला पोचतो तेव्हा सगळे तुकडे एकदमच बाहेर येतात, एका तव्यावर पाठोपाठ भाजले जातात, आणि टेबलावर कोणालाही कोणासाठी ताटकळावे लागत नाही.